पहिला परिच्छेद खोडणारे सर

स्मरणिका समितीतल्या मुलींनी फोनवर सांगितलं, "ताई, आठवणी लिहाच, पण लेख कसा लिहायचा तेही सांगा. आमचं लिहिलेलं आमच्या घरचेसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाहीत." ज्यांना हे एवढं नेमकं बोलता येतं, त्यांना मी काय शिकवणार? तरी सांगते, कारण मला थोडंफार जे येतं ते याच शाळेच्या हस्तलिखितामुळे.

हस्तलिखिताचे लेख मराठीचे सर तपासायचे. पहिल्या परिच्छेदावर तिरपी रेघ आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी बाण, "इथून सुरू कर." कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "पहिला परिच्छेद म्हणजे घसा खाकरणं. ते घरी उरकून यायचं." बाण बहुतेक वेळा अचूक जागी पडलेला असायचा.

इंग्रजांनी फाशी दिलेल्या आमच्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर दर वर्षी पाच-सहा लेख यायचेच, आणि सगळ्यांची सुरुवात 'सोलापूर ही वीरांची भूमी आहे'. एकदा सरांनी भर वर्गात विचारलं, "फाशी कधी झाली?" १२ जानेवारी १९३१, हे पाठ होतं. "कुठं?" येरवड्याला. "आणि त्या आठवड्यात आपल्या गावात काय असतं?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. गड्डा! सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर पाळणे लागलेले, मिरवणुकीतल्या उंच, जड नंदीध्वजांची तयारी, घराघरांत संक्रांतीचे तीळ. तारीख आणि जत्रा दोन्ही आम्हाला लहानपणापासून ठाऊक, पण शेजारी शेजारी कुणी ठेवून बघितली नव्हती. मागच्या बाकावरच्या एका मुलानं त्यावरच लेख लिहिला. मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागलेलं शहर आठ महिन्यांनी संक्रांतीच्या तोंडावर ही बातमी कशी ऐकत असेल, एवढाच विषय. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावं त्यानं एका ओळीत न कोंबता वेगवेगळ्या ठिकाणी आणली. कुर्बान हुसेन ऐन तारुण्यात 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवायचे, हे आमच्यातल्या बहुतेकांना त्या लेखातून कळलं. 'वीर' शब्द लेखात कुठेच नव्हता.

पण मला खरा धडा मिळाला तो दुसऱ्याच लेखातून. माझी एक मैत्रीण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत राहायची, तिची आई विड्या वळायची. मैत्रिणीनं लेख दिला 'श्रमाचे महत्त्व'. सरांनी तो परत दिला आणि म्हणाले, "आईला विचारून ये. पान किती वेळ भिजवतात? कशानं मापून कापतात? वळताना बोलता येतं का?" ती वैतागली. "सर, यात काय लिहायचं? रोजचंच आहे."

"तुझं रोजचं आहे गं. माझं कुठाय?"

तिनं लिहून आणलं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कारखान्यात माल देताना वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्या दिवशी आई घरी आली की आधी तिचा चेहरा बघायचा आणि मग वहीचे पैसे मागायचे. आईचं एक तेलुगू वाक्य सरांनी देवनागरीत तसंच ठेवायला लावलं, अर्थ पुढच्या वाक्यातून आपोआप कळत होता. त्या वर्षी हस्तलिखिताची ती पानं हाताळून मऊ झाली होती. आमच्या शिपाईमामांनीसुद्धा तो लेख वाचला, आणि मामा सहसा फक्त राशिभविष्य वाचायचे.

लेख मोठ्यानं वाचून बघा, विशेषणं कमी करा, हे सगळे सांगतात. सरही सांगायचे. खरं आहे, करा.

सरांचं एक मात्र मला पटलं नाही. लेखात 'मी' आला की ते खोडायचे. मला वाटतं, 'मी' असावा, पण बघणारा असावा, मिरवणारा नको. पुढे वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत लिहायला लागले तेव्हा हा 'मी' मी मुद्दाम ठेवला. सरांनी कात्रणं वाचली, पण त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी ती संमती समजते.

आता तुमच्या हातात फोन आहे. सोलापुरी चादरीवर लेख लिहायचा म्हटलं की दोन मिनिटांत माहिती मिळते, आणि वर्गातल्या सगळ्यांना तीच मिळते. मागाच्या वर जॅकार्ड असतं, छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांनुसार ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि नक्षी उमटते, इथवर फोन नेईल. पण धागा तुटला की माग बंद करणाऱ्या माणसाला तो तुटल्याचं आधी दिसतं की ऐकू येतं? रात्रपाळीत तो झोप कशी आवरतो? त्याच्या स्वतःच्या घरी अंथरायला कुठली चादर आहे? कडक भाकरी विकणाऱ्या मावशींना विचारा, ज्वारी कुठली घेतात, आणि पावसाळ्यात भाकरी मऊ पडू नये म्हणून काय करतात. नंदीध्वज पेलणाऱ्या कुणाच्या घरी जा, आणि सरावाच्या दिवसांत त्याची पाठ कोण चोळून देतं ते विचारा.

विचारून आलात की वेळ न घालवता लिहून काढा, दोन दिवसांनी त्यांचे शब्द जाऊन तुमचे उरतात. आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहा. हस्तलिखिताच्या मंडळात मी होते. पाठपोट लिहिलेले लेख आम्ही सगळ्यात शेवटी वाचायला घ्यायचो.