शेवरीचा पाय

आज सकाळी आमच्या कुत्रीने, शेवरीने, पडवीच्या कठड्यावरून अंगणात उडी मारली. जेमतेम अडीच फूट. केकाटली आणि पुढचा उजवा पाय पोटाशी धरून उभी राहिली. इटालियन ग्रेहाउंड, वजन 4 किलो, पुढच्या पायांची हाडं पेन्सिलीएवढी. या जातीत तीच पटकन मोडतात, म्हणून माझं काळीजच हललं. गुहागरहून चिपळूणपर्यंत आईने तिला मांडीवर टॉवेलात धरलं होतं. एक शब्द बोलली नाही.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. नुसतं मुरगळलंय. मला रडूच आलं.

मग डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. दाढांवर पिवळा थर, हिरड्या लालभडक, आणि वय फक्त 3! या जातीच्या कुत्र्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, रोज ब्रश हवा. मी आठवड्यातून एकदा करत होते. चूक माझीच. आता भूल देऊन दात साफ करायचे. अंगावर चरबी नसल्यामुळे भूलही जपून, आधी रक्त तपासून.

बाहेर पाऊस कोसळतोय. पातळ कातडीची पोर, लगेच कुडकुडते. गोधडीत शिरून झोपलीय. आईने कठड्याला मासेमारीचं जुनं जाळं बांधायला घेतलंय.