वादळाच्या दुसऱ्या दिवशीचं बिरडं

२ जून २०२०च्या रात्री मी बिरड्यासाठी, म्हणजे मोड आलेल्या सोललेल्या वालांच्या उसळीसाठी, दीड किलो कडवे वाल भिजत घातले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार म्हणून टीव्ही दिवसभर ओरडत होता. पण लॉकडाऊनमुळे मुंबईचे दीर-जाऊ मुलांसकट श्रीवर्धनला आलेले, घरात अकरा माणसं, आणि भूक काही वादळाला भीत नाही. ३ तारखेला सकाळी वाल उपसले, फडक्यात घट्ट बांधून दडपून ठेवले. दुपारी वादळ आलं.

त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, संध्याकाळी वारा पडला तेव्हा ओटीवरून थेट समुद्र दिसला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो नुसता ऐकू यायचा. मधली सगळी नारळ-पोफळीची वाडी आडवी झाली होती.

दुसऱ्या दिवशी वीज नाही, फोन मेलेले. घरात कोणी कोणाशी बोलेना. तोंड उघडलं की पडलेल्या झाडांचाच हिशेब निघायचा. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओटीच्या खांबाला टेकून सकाळपासून तसेच बसलेले. दहाच्या सुमारास मला एकदम त्या फडक्याची आठवण झाली. गाठ सोडली तर वालांना नखाएवढे पांढरे मोड! फ्रीज बंद, म्हणजे सगळे आजच सोलायला हवेत.

वाल सोलणं दिसतं तितकं सोपं नाही. कोमट पाण्यात टाकायचे आणि सालाच्या कडेला अंगठ्याने बेताने दाबायचं, की डाळिंबी सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर ती उडून समोरच्याच्या मांडीवर. मोड तुटला तर आमच्या सासूबाई बोलत नाहीत, फक्त बघतात. (दादरला सोललेले वाल विकत मिळतात. मीही आणते. सासूबाईंना सांगत नाही.)

परात ओटीवर आणली. जाऊ बसली, पोरं बसली. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. बांधावरच्या आमच्या फणसाचा पाला त्यांच्या अंगणात पडतो, यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. आता तर तो फणसच मुळासकट त्यांच्या अंगणात पडला होता. बहुधा भांडायलाच आल्या असाव्यात. परातीकडे बघत पायरीवर टेकल्या. “मोड छान आलेत गो,” म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मग बोलणं सुरू झालं. सगळ्यांचे डोळे परातीत, त्यामुळे कोणाला कोणाकडे बघावं लागत नव्हतं. जाऊबाई अगदी सहज, मोड सांभाळत म्हणाली, “एप्रिलपासून यांना अर्धाच पगार आहे.” दोन महिने एका घरात राहत होतो, पण आम्हाला पत्ता नव्हता. काकू वादळभर एकट्याच, देवघराच्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या. कोणी “अरेरे” केलं नाही. वाल सोलले जात राहिले.

कधीतरी अण्णाही सरकून जवळ आले. “सगळ्या रोठ्याच्या पोफळी होत्या,” म्हणाले. (रोठा ही आमच्याकडची सुपारीची जात.) “वडलांनी लावलेल्या. आता लावीन तर धरायला सात-आठ वर्षं. मी आत्ता अठ्ठ्याहत्तरचा.”

यावर काय बोलणार? सासूबाईंनी मूठभर वाल त्यांच्यापुढे सरकवले. अण्णांनी जन्मात वाल सोललेले नव्हते. दहातले सहा उडाले, एक सरळ काकूंच्या चष्म्यावर बसला. धाकटा पुतण्या खिदळला, मग काकूच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आदल्या दुपारपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

बिरडं चुलीवर शिजलं. नारळाला तोटा नव्हता. एवढे नारळ एका दिवसात अंगणात मी कधी बघितले नव्हते. कोकम, गूळ, वर वाटणाचा दाट रस. काकू तिथेच जेवल्या. फणसाचं काय करायचं हा विषय जेवणानंतर निघाला आणि थोडं भांडण झालंच.

नेटवर्क आठवड्याने आलं. पहिला फोन डोंबिवलीच्या नणंदेचा. ती आधी पाच मिनिटं नुसती रडली. मग घर, गुरं, अण्णांचं बीपी, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, “आणि खाल्लंत काय गं वहिनी, दुसऱ्या दिवशी?”

“बिरडं,” मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. “आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलो होतो,” ती कडाडली, “आणि तुम्ही तिथे वाल सोलत होतात?”