व्हिएतनाममधला रोजचा खर्च: हनोई ते होई आन

विमान, हॉटेलं आणि ई-व्हिसा हे खर्च घरबसल्या कळतात. (एका प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलर. सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट बरेच जादा पैसे लावतात.) तिथे उतरल्यावर रोज हातातून सुटणाऱ्या पैशांचा अंदाज मात्र सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आम्ही दोघं आणि आई-बाबा असे गेलो होतो. हनोई, निन्ह बिन्ह, मग दा नांगहून होई आन. आई-बाबा शाकाहारी.

पहिला गोंधळ शून्यांचा. एका रुपयाला साधारण ३०० डाँग पडतात. बाबांनी यावर जुना उपाय काढला: शेवटची तीन शून्यं उडवायची आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायची. ५० हजार डाँग म्हणजे पन्नास औटे पावणेदोनशे रुपये. प्रत्यक्षात थोडं कमीच पडतं, म्हणजे हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. मेन्यूवर आणि काही टॅक्सींच्या मीटरवर ही तीन शून्यं आधीच गाळलेली असतात. नुसतं ४५ लिहिलं असेल तर ते ४५ हजार.

नोटांकडे मात्र नीट बघा. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या. संध्याकाळच्या उजेडात ऊसाच्या रसाच्या गाडीवर बाबांनी २० हजार समजून ५ लाखांची पुढे केली. गाडीवाल्या आजींनी ती दोन बोटांत धरून आधी त्यांना, मग आम्हा सगळ्यांना दाखवली आणि खो खो हसत परत दिली. सगळीकडे अशा आजी भेटतील असं नाही. त्या रात्रीपासून ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात गेल्या.

पैसे न्यायचे कसे? रुपये तिथे बदलायला गेलात तर भाव मिळत नाही. कोऱ्या करकरीत १०० डॉलरच्या नोटा न्या. दुमडलेल्या, शिक्का किंवा पेनाची रेघ असलेल्या नोटांना नाकं मुरडतात आणि लहान नोटांना भाव कमी देतात. विमानतळावर पहिल्या दिवसापुरतेच बदला. एटीएममध्ये मशीन रकमेचं रुपयांत रूपांतर करून देऊ का विचारतं, तेव्हा नाही म्हणा. तो दर त्यांच्या सोयीचा असतो. आपल्या बँकेचं कार्ड असेल तर परकीय चलनाचा मार्कअप बहुतेक ठिकाणी साडेतीन टक्क्यांच्या घरात आणि त्यावर जीएसटी, शिवाय काही दुकानं कार्डाला तीन टक्के वर लावतात. म्हणून हॉटेलसाठी फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं), बाकी सगळं रोख.

फिरायला ग्रॅब हे गाडी-बाइक बोलवायचं ॲप निघण्याआधीच टाकून ठेवा. कार्ड जोडलं नाही तरी चालतं, रोख देता येतात. शहरातल्या शहरात बाइक २०-३० हजारांत, चौघांना गाडी ५०-७० हजारांत. हनोईच्या नोई बाय विमानतळावरून जुन्या शहरात ८६ नंबरची बस माणशी ४५ हजारांच्या आसपास घेते. पण चौघं आणि बॅगा असतील तर गाडीच परवडते, बसच्या हट्टाला अर्थ नाही. होई आनला ना विमानतळ ना रेल्वे. दा नांगहून तीसेक किलोमीटर गाडीनेच जावं लागतं, तेवढे बाजूला ठेवा.

जेवणात सगळ्यात जास्त फरक पडतो. तिथली स्वस्ताई रस्त्यावर आहे. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून फो (नूडल्सचं सूप) खाल्लंत तर ५०-६० हजार, बान्ह मी (पावाचं सँडविच) २५-३० हजार. भारतीय हॉटेलात शिरलात की तेच माणशी तिप्पट-चौपट. शाकाहाऱ्यांनी ‘कोम चाय’ची पाटी शोधावी: भात, तीन-चार भाज्या, टोफू, ४०-५० हजारांत पोटभर. अमावास्या-पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी लवकर जा. इतरत्र नुसतं ‘भाजी’ म्हणून भागत नाही, माशाचा सॉस असतोच. आईने थेपले आणि मेतकूट नेलं होतं, पण होई आनला पोचेपर्यंत ती स्वतःच टोफूवर खूश होती.

तिकिटं आधी मोजून ठेवा, कारण चौघांची मिळून ती फुगतात. निन्ह बिन्हमधल्या त्रांग आनची नौकासफर माणशी अडीच लाख, होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट १ लाख २० हजार. त्रांग आनला दोन-तीन तास एकटी बाई चौघांना वल्हवत नेते, शेवटी टिपेची अपेक्षा असते. आम्ही नावेमागे लाखभर दिले आणि ते मुळीच जड गेले नाहीत.

हॉटेल आणि शहर ते शहर प्रवास सोडून माणशी रोज ६ लाख डाँग, म्हणजे वीस-एकवीसशे रुपये धरा. यात दोन कॉफ्या, पाण्याच्या बाटल्या आणि किलोवर मिळणारी लाँड्रीही बसते. दा नांगजवळच्या बा ना हिल्सला जाणार असाल तर त्या दिवसाचा हिशेब वेगळा, केबल कारचं तिकीटच दिवसाचं बजेट गिळतं.

शेवटच्या दिवशी विमानतळाच्या गाडीचे पैसे काढून उरलेल्या डाँगची कॉफी आणि काजू गावातल्या सुपरमार्केटमधून घ्या. विमानतळावर तेच पाकीट बरंच महाग पडतं, आणि उरलेले डाँग इकडे आणून बदलायला गेलात तर घ्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही.