खोडाची पलीकडची बाजू

सुतारपक्ष्याजवळ नेहमी एक खोड असते आणि खोडाला नेहमी एक पलीकडची बाजू असते. परसात येणाऱ्या सुतारपक्ष्याचे एक बरे छायाचित्र काढावे म्हणून गेली तीन वर्षे मी जी खटपट केली, ती दरवेळी या साध्या गोष्टीपाशी येऊन अडली.

वाईला आमच्या घरामागे जेमतेम दोन गुंठ्यांचे परस आहे. त्यात एक रामफळ, दोन नारळ, कढीलिंब, आईचा मोगरा, कडेला विहीर आणि मधोमध एक जुना शेवगा. शेवग्याचे लाकूड म्हणजे नावाचेच लाकूड. एका वळवाच्या वाऱ्यात त्याची मोठी फांदी मोडली आणि उरलेला खुंट जागच्या जागी वाळला. साल सुटली, आतला भुसभुशीतपणा मुंगळ्यांना मानवला आणि मुंगळ्यांच्या मागोमाग सुतारपक्षी आला. वठलेले झाड दारात बरे दिसत नाही असे शेजारच्या काकूंनी दोनदा सुचवले आणि झाडे तोडणारा माणूस एकदा कुऱ्हाड घेऊन येऊनही गेला. पण शेवगा शेंगा देतो आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम त्या खुंटालाही आपोआप लागू झाला.

हा पक्षी म्हणजे सोनपाठी सुतार. मैनेपेक्षा किंचित मोठा, पाठ सोनेरी पिवळी, कंबर आणि शेपूट काळी, काळ्या गळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा आणि डोक्यावर लाल तुरा. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनिअसने १७५८ साली त्याच्या शास्त्रीय नावात बंगालला जागा दिली, पण तो आमराईत, नारळाच्या बागेत, इतकेच काय, शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरही राहतो. त्याला घनदाट जंगल लागतेच असे नाही. किडकी फांदी आणि भरपूर मुंग्या असल्या की त्याचे भागते. येतो तोही गाजावाजा करत. आधी कोणी खिंकाळत हसल्यासारखा लांबलचक आवाज येतो, मग लाटेसारखी वरखाली होणारी ती झेप दिसते आणि शेवटी नखे सालीत रुतल्याची हलकीशी खरखर ऐकू येते. त्यानंतर तो दिसत नाही, कारण तोपर्यंत मी कॅमेरा घेऊन मागच्या दारात उभा राहिलेला असतो.

सुतारपक्षी माणसाला पाहून लगेच उडून जात नाही. तो नुसता सरकतो. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, त्यांपैकी मागचे एक अगदीच खुरटे. शेपटीची ताठ पिसे खोडाला टेकवून तो तिसरा पाय केल्यासारखा बसतो आणि या सामग्रीवर उभ्या खोडाभोवती असा काही गोल फिरतो की आपण उजवीकडे एक पाऊल टाकावे तर तोही आपल्याला ओलांडू न देण्याइतकाच पुढे गेलेला असतो. मधून मधून खोडाच्या कडेला लाल तुऱ्याचे टोक आणि पाठीची पिवळी किनार तेवढी उमटते. अशा तुऱ्यांची आणि किनारींची दोनशेहून अधिक छायाचित्रे माझ्या संग्रहात आहेत. जाणकारांनी सांगितलेले सारे उपाय मी करून पाहिले. मळकट रंगाचे कपडे घातले, दाराला जुने पोते बांधून त्याच्या भोकातून ३०० मिलिमीटरची लेन्स बाहेर काढली, पहाटेपासून स्टुलावर बसून पाय बधिर करून घेतले. पोत्याला पक्षी फसला नाही. दूधवाला मात्र दचकला.

एक उपाय केला नसता तर बरे झाले असते. मोबाइलवर त्याच जातीची साद लावली की पक्षी हमखास समोर येतो, असे कोणीतरी सांगितले होते आणि मी एका सकाळी ती लावली. पक्षी खरोखरच आला. तुरा उभारून तो या फांदीवरून त्या फांदीवर, तिथून नारळावर, पुन्हा शेवग्यावर असा कितीतरी वेळ नसलेला प्रतिस्पर्धी शोधत राहिला आणि तेवढ्या वेळात त्याने एक मुंगी खाल्ली नाही. विणीचे दिवस होते. मी मोबाइल बंद केला आणि त्या दिवशी कॅमेराही उचलला नाही.

त्या तीन वर्षांत एकच छायाचित्र त्यातल्या त्यात जमले म्हणता येईल असे मिळाले. पक्षी माझ्या बाजूच्या खोडावर पूर्ण दिसतो आहे, पाठीवरचे पीस न् पीस सुटे दिसते आहे, नखाखाली दबलेला सालीचा पापुद्राही स्पष्ट आहे. फक्त डोक्याच्या जागी तांबूस-काळा फरकाटा आहे. शटरचा वेग १/२५० सेकंद होता आणि घाव घालणाऱ्या सुताराला तो पुरत नाही. आपली पटाशी चालवताना हा कारागीर मान नव्हे, सारे अंगच झोकून देतो. लहानपणापासून आपण ऐकत आलो की त्याच्या कवटीत धक्का शोषून घेणारी गादी असते. पण २०२२ साली संशोधकांनी तीन जातींच्या सुतारपक्ष्यांचे अतिवेगवान चित्रीकरण तपासले, तेव्हा कवटी धक्का शोषत नाही, ती ताठ हातोडीसारखीच चालते असे आढळले. मेंदूच मुळात इतका लहान, की तेवढ्या धक्क्याने त्याला इजा होत नाही. हे मला पटते. घाव शोषणारी हातोडी कोणता सुतार बाळगील? माझ्या त्या फरकाट्यात हातोडीला शोभेल असा निर्धार होता एवढे मात्र खरे, पण ते छायाचित्र भिंतीवर लावण्यासारखे नव्हते.

यंदाच्या चैत्रात आईने चिंचा फोडायला काढल्या. विहिरीजवळच्या फरशीवर पोते अंथरून ती सकाळी बसते, दगडावर चिंच ठेवून खलातल्या बत्त्याने टरफल फोडते, शिरा ओढून काढते, मग विळीवर चिंच उकलून चिंचोके पाटीत टाकते. तिच्या समोर शेवगा आणि शेवग्याच्या पलीकडे मागच्या दारात मी, पोत्याआड. पक्षी आला, नेहमीप्रमाणे सरकला आणि मी नेहमीप्रमाणे चरफडत विचारले, "आई, तुला दिसतोय का गं तो?"

"दिसतोय की," मान वर न करता ती म्हणाली. "रोजच दिसतो. तू दारात आलास की इकडे येतो."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की खोडाची जी पलीकडची बाजू मला तीन वर्षे मिळाली नव्हती, ती आईच्या समोर होती. माझ्यापासून लपण्यासाठी पक्षी ज्या जागी जात होता, तिथून आई फार तर बारा फुटांवर होती आणि तिचा बत्ता दगडावर ठक ठक वाजत होता. त्याला तिची हरकत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, रोज त्याच वेळी त्याच जागी बसत होती आणि तिच्या हातांची हालचाल ठरलेली होती. रोखून पाहणारे दोन डोळे आणि त्यांच्यापुढे लेन्सचा तिसरा, असे ध्यान दाराशी दबा धरून बसलेले कोणत्या पक्ष्याला मानवेल?

दुसऱ्या दिवशी मी पोते सोडले आणि आईशेजारी चिंचा फोडायला बसलो. कॅमेरा मांडीवर, त्यावर पंचा. पहिले दोन दिवस पक्षी आला आणि रामफळावरूनच परत गेला. बहुधा माझा बत्ता बेतालपणे पडत असावा. आईचेही मत तेच होते. "टरफल फोडायचंय, चिंचोका नाही," असे तिने दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी हात जरा बसला, बोटे आंबट झाली, मी खरोखरच चिंचेच्या शिरांमध्ये गुंतलो आणि समोरच खुंटावर नखांची खरखर ऐकू आली. मी दहा चिंचा तशाच फोडल्या. मग पंचा बाजूला केला. वेग १/१६०० केला होता, ऊन माझ्या पाठीमागून येत होते. पक्ष्याने खुंटाच्या भेगेत चोच घातली. त्याच्या जिभेचा हाडाचा सांगाडा कवटीला मागून वळसा घालून पुढे आलेला असतो, म्हणूनच ती चोचीबाहेर इतकी लांब येते. त्या जिभेचा चिकट, ओला धागा भेगेतून परत येताना टोकाला एक मुंगळा घेऊन आला. तीन वेळा शटर वाजले. पक्ष्याने एकदा मान तिरपी करून माझ्याकडे पाहिले आणि आईचा बत्ता चालूच आहे असे पाहून पुन्हा कामाला लागला.

संध्याकाळी चित्रे मोठी करून पाहिली. पिसे, डोळा, चोच, मुंगळा, सगळे जागच्या जागी होते; पण कपाळ लाल नव्हते. कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके आणि तुरा मागच्या बाजूला तेवढा लाल. नराचे डोके कपाळापासून मागेपर्यंत लाल असते. ही मादी होती. खोडाच्या कडेला तीन वर्षे मला फक्त तुऱ्याचे टोक दिसले, जे एकदाच डोके समोर आले त्याचा फरकाटा झाला आणि त्याच्या भरवशावर मी चारचौघांत त्याला "आमचा सुतार" म्हणत होतो.

आईला हे सांगितले. तिने चष्मा लावून चित्र नीट पाहिले.

"मग सुतारीण म्हण," ती म्हणाली. "आणि उद्या जरा लवकर बस. अर्धी पाटी राहिली आहे अजून."