आमची वाटचाल : पंखेवाले नव्हे, हायब्रिडवाले

आजही कुठे हायब्रिडचं, म्हणजे पवनचक्की आणि सोलर जोडीने बसवायचं, कोटेशन द्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही ते पंखेवाले ना?" ही पदवी आम्ही कमावलेली नाही. ज्यांनी कमावली त्यांचं नाव घेत नाही, साताऱ्यात धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

लहान पवनचक्की आणि सोलर एकत्र बसवायला अनुदान मिळायचं, तेव्हाची गोष्ट. हे गृहस्थ आमच्या निम्म्या भावात चक्की द्यायचे. गच्चीच्या कठड्याला पाइप, शेजारीच पाण्याची टाकी, आणि जादा वीज जिरवणाऱ्या डम्प लोडचा पत्ता नाही! बॅटरी भरल्यावर उरलेल्या विजेने जायचं कुठे? कंट्रोलर जळाले, चक्क्या मोकाट सुटल्या, आषाढात पाती शेजारच्या पत्र्यावर. बोंब झाली ती सगळ्या धंद्याची. आमच्या ऑर्डरी रद्द झाल्या. त्यात आम्ही गिऱ्हाइकाला अनुदान वजा करून बिल द्यायचो आणि ती रक्कम एका कार्यालयात फायलीखाली दबलेली. फॅब्रिकेटर रोज दारात. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या.

तारलं ते पाटणच्या पठारावरच्या दूध संकलन केंद्राच्या तात्यांनी. तिथे पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, पण वारा माणसाला उभं राहू देत नाही. दिवाळीनंतर वारा पडतो, ऊन कामाला लागतं. लाइन गेली की फॅट मशीन बंद, काटा बंद, आणि फॅटवरून भांडणं सुरू. आमची चक्की बसल्यापासून ती मिटली होती. तात्यांनी तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ हातावर ठेवले. पावती मी बळंच दिली.

पुढची वर्षं कामात गेली.

त्या केंद्रावरचे टर्नबकल, म्हणजे खांबाच्या तारा ताणायचे स्क्रू, अजून पहिलेच आहेत, दर मे महिन्यात ग्रीस लागतं. तारेवर हात मारला की ताण कळतो, मीटर लागत नाही. बॅटरीला मात्र आतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरच हवा; भरलेल्या बॅटरीचं रीडिंग १२४० च्या आसपास नसेल तर इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका.

आणि विचारलं नाहीत तरी सांगतो : वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून खांबात काटकसर नको. आसपासच्या झाडांच्या वर ३० फूट जाता येत नसेल तर चक्कीचा नाद सोडा, त्याच पैशात पॅनल घ्या.

परवा त्या गृहस्थांच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, गच्चीवरचा पाइप उतरवून द्याल का? देतो म्हटलं. मजुरी रोख.