जाझ अखेर जागा झाला

माझा जाझ, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या कार्ट्रिजचा आयोमेगाचा जुना डिस्क ड्राइव्ह, मध्येच एरर देतो. त्याचं खापर मागच्या वेळी टर्मिनेटरवर (स्कझी या ड्राइव्ह जोडायच्या जुन्या पद्धतीत केबलच्या टोकाला लागणाऱ्या तुकड्यावर) फोडलं होतं, ते मागे घेतो. टर्मिनेटर निर्दोष, केबलही निर्दोष. दोन्ही उगाच बदलले. नव्या ॲक्टिव्ह टर्मिनेटरचे जुन्या मालाच्या दुकानदाराने जे पैसे घेतले, त्यात दोन कार्ट्रिजं आली असती.

सेटअप तोच: पेंटियम थ्री, ॲडॅपटेक २९४० स्कझी कार्ड, त्यावर आयडी ४ ला १ जीबीचा जाझ, डेबियन लिनक्स. डीटीपीवाल्या मित्राची श्रीलिपीतली जुनी कामं उतरवतोय. कॉपी छान चालते. चहाला उठून परत आलो, पुढचं फोल्डर उघडलं, की इनपुट-आउटपुट एरर. कार्ट्रिज काढून पुन्हा घातलं की सगळं ठणठणीत. गुन्हेगार चहा आहे हे कळायला मला आठवडा लागला!

जाझ रिकामा बसला की स्वतःच मोटर थांबवतो. मग म्हटलं, झोपूच द्यायचं नाही. दर मिनिटाला एक सेक्टर (डिस्कचा छोटासा तुकडा) वाचणारी स्क्रिप्ट लावली. तरी पठ्ठ्या झोपलाच. कारण तोच सेक्टर पुन्हा पुन्हा मागितल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) तो रॅममधल्या कॅशमधून देत होता, ड्राइव्हपर्यंत काही पोचतच नव्हतं. डीडी या वाचणाऱ्या कमांडला कॅश टाळणारा डायरेक्ट फ्लॅग दिल्यावर मोटर फिरत राहिली, पण तासाभरात ड्राइव्हवर पापड भाजता आला असता. स्क्रिप्ट उडवली.

शेवटी लॉग नीट वाचला. नॉट रेडी, आणि सोबत ड्राइव्हचा एरर कोड ०४/०२. म्हणजे ड्राइव्ह सरळ सांगतोय, 'स्टार्ट म्हणा, मग फिरतो.' ०४/०१ आलं असतं, म्हणजे 'उठतोय, थांबा', तर कर्नलने आपणहून पुन्हा विचारलं असतं. ०४/०२ ला मात्र तो स्टार्ट कमांड तेव्हाच पाठवतो, जेव्हा सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फाइलींसारखी दिसतात तिथे) त्या डिस्कचं अलाऊ-रीस्टार्ट हे सेटिंग १ असतं. यूएसबी डिस्कना ते आपोआप १ मिळतं, म्हणून यूएसबीवाल्यांना हा ताप माहीतच नाही. आमच्या पॅरलल स्कझीला शून्य. गंमत म्हणजे कर्नलच्या एसडी (स्कझी डिस्क) ड्रायव्हरमधल्या एका कॉमेंटमध्ये आपोआप थांबणाऱ्या ड्राइव्हचं उदाहरण म्हणून चक्क जाझ १ जीचंच नाव आहे. रात्री एक वाजता ते वाचून मी एकटाच हसत बसलो.

अलाऊ-रीस्टार्टमध्ये १ लिहिलं, मुद्दाम अर्धा तास थांबलो, फोल्डर उघडलं. दोन-तीन सेकंद शांतता, मग तो ओळखीचा चढता आवाज, आणि फाइली समोर! रीबूटनंतर पुन्हा शून्य होतं, म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की सेटिंग आपोआप लावणारा) नियम लिहायला घेतलाय.

हे टाइप करतानाच डोक्यात आलं, की फोल्डर-फोल्डर कॉपी करायचंच कशाला? डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्ट्रिजची इमेज (एका फाइलीत हुबेहूब प्रत) एका दमात घ्यावी, मग ती लूपवर, म्हणजे फाइलीलाच डिस्क मानून, माउंट करून निवांत चाळावी. सलग वाचताना त्याला डुलकीची सवडच नाही. हे आठ दिवसांपूर्वी का सुचलं नाही, विचारू नका. नियम नंतर लिहीन. पहिली इमेज लावली आहे, ४० टक्के झालीय, आणि आधण उकळतंय.