चलान नेमकं कुणाकडे आहे?

मोबाइलवर चलानाचा मेसेज आला की नजर थेट दंडाच्या आकड्यावर जाते. आकडा नंतर पाहा. आधी शोधायचं ते हे, की चलान आज कुणाच्या हातात आहे. वाहतूक पोलिसांच्या, आरटीओच्या, व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टाच्या, की एखाद्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या? पैसे कुठे भरायचे, हरकत कुठे घ्यायची, तारखेला हजर राहायचं की नाही, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं. लोक फसतात ते इथेच. प्रकरण कोर्टात गेलेलं असतं आणि माणूस पोलिसांच्या साइटवर पैसे भरायची धडपड करत असतो.

महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांचं ई-चलान ‘महाट्रॅफिक’च्या साइटवर किंवा त्यांच्या ॲपवर दिसतं. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. नंबर जोडून लिहायचा, मध्ये जागा किंवा आडवी रेघ नको. नंबरमधला शेवटचा, मालिकेचा आकडा लहान असेल तर गंमत होते: ००४७ आणि ४७ हे संगणकाला दोन वेगळे नंबर वाटतात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, जसं छापलंय तसं आधी टाका, सापडलं नाही तर शून्यं लावून किंवा काढून पुन्हा शोधा. ‘चलान नाही’ असं उत्तर आलं की लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात नंबर टाकण्यातच चूक झालेली असू शकते.

एवढ्यावर शोध संपत नाही. आरटीओच्या भरारी पथकाने केलेलं चलान केंद्राच्या परिवहन पोर्टलवर असतं, आणि गाडी महाराष्ट्राबाहेर पकडली गेली असेल तर तेही बहुधा तिथेच सापडतं. तिथे चलान क्रमांक, गाडीचा नंबर किंवा लायसन्स नंबर यांवरून शोधता येतं. गोव्याला किंवा कर्नाटकात जाऊन आला असाल तर हे पोर्टल पाहिल्याशिवाय गाडीवर काही नाही असं समजू नका. तिसरी जागा व्हर्च्युअल कोर्टाची साइट. तिन्ही ठिकाणी पाहायला दहा मिनिटं लागतात.

मेसेज येतच नाहीत अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा आरसीला जुना मोबाइल नंबर, किंवा गाडी घेताना शोरूमच्या माणसाने टाकलेला भलताच नंबर जोडलेला असतो. परिवहन पोर्टलवर तो बदलता येतो. हे काम आजच करा. पुढे कोर्टाचा मेसेजही याच नंबरवर येणार आहे.

आणि उलटही खरं: आलेला प्रत्येक मेसेज खरा नसतो. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली आणि ती उघडल्यावर ॲप टाकायला सांगत असेल, तर ती फोनमधून बँकेचे ओटीपी चोरण्यासाठी असते. चलान बघायला कुठलीही फाइल टाकावी लागत नाही. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो. नावात परिवहन असणं पुरेसं नाही, शेवट पाहा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करून साइटवर जावं.

चलान सापडलं की ते नीट वाचा. फोटो मोठा करा. नंबरप्लेट तुमची आहे का, हे पहिलं. पण तेवढ्यावर थांबू नका. गाडीचं मॉडेल, रंग, मागच्या दिव्याचा आकार, बंपरवरचा ओरखडा, कॅरिअर हेही ताडून पाहा. कॅमेरा ८ आणि बी, ० आणि डी यांत गल्लत करतो. कधी कुणी तुमच्याच नंबरची बनावट प्लेट लावून फिरत असतो. फोटोत पांढरी स्कूटर आणि तुमच्या दारात लाल मोटरसायकल असेल, तर पैसे न भरता तिथेच तक्रार नोंदवा. चलान क्रमांक, आरसीची प्रत, गाडीचे मागून आणि बाजूने काढलेले स्वच्छ फोटो जोडा. बनावट प्लेटचा संशय असेल तर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. आज पाचशे रुपयांचं चलान आलंय, उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलिस तुमच्या दारात येतील. ‘पाचशेच तर आहेत, भरून टाकू’ हा सल्ला म्हणून मला अजिबात पटत नाही. दंड भरणं म्हणजे ती गाडी तुमची होती असं मान्य करणं.

फोटोनंतर कलम पाहा. नो पार्किंगसारख्या किरकोळ गोष्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली येतात: पहिल्या वेळी ५०० रुपये, त्यानंतर १,५००. ‘तीच जागा, तीच चूक, मग यावेळी तिप्पट का?’ याचं उत्तर हे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये असंही घातलंय की तडजोड शुल्क भरून, म्हणजे खटल्याशिवाय पैसे भरून, मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजायचा. म्हणजे पैसे भरले की प्रकरण मिटतं, नोंद पुसली जात नाही. विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,०००. लायसन्स नसताना चालवल्यास कलम १८१ खाली ५,०००. हेल्मेटच्या कलम १९४ ड मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, आणि तो भाग दंड भरल्याने आपोआप सुटत नाही.

काही चलानं फोनवरून मिटतच नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणं, कलम १८५, तडजोडीत बसत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याचं कलम १९९ अ याहून कडक आहे: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. या दोन्हींत वकील घ्या.

आता कोर्ट. पोलिसांकडचं चलान न भरता राहिलं की ते कोर्टाकडे पाठवता येतं, आणि बरीच चलानं आधी व्हर्च्युअल कोर्टात जातात. महाराष्ट्रासाठी वाहतूक चलानांचं असं कोर्ट ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात सुरू झालं. इथे तुम्ही कुठे जात नाही. न्यायाधीश पडद्यावर चलान पाहून दंड प्रस्तावित करतात आणि तसा मेसेज येतो. साइटवर विभाग निवडायचा. गाडीची नोंदणी कुठली हे इथे गौण आहे, चलान कुणी केलं ते महत्त्वाचं. एमएच नंबरच्या गाडीला बंगळुरूत चलान झालं असेल तर कर्नाटक निवडा. महाराष्ट्रातलंच असेल आणि एका विभागात सापडलं नाही, तर महाराष्ट्राच्या नावाचे बाकीचे विभागही बघा. मोबाइल नंबर, चलान किंवा गाडीचा नंबर, पक्षकाराचं नाव, नाहीतर सीएनआर, म्हणजे कोर्टाने प्रत्येक प्रकरणाला दिलेला सोळा अक्षरांचा क्रमांक, यांपैकी काहीही चालतं. मोबाइलवरून मिळालं नाही तर चलान क्रमांकाने शोधा.

प्रकरण उघडलं की दोन पर्याय दिसतात: प्रस्तावित दंड भरायचा, की खटला लढायचा. हा आकडा पोलिसांच्या चलानावरच्या आकड्यापेक्षा वेगळा असू शकतो, तो न्यायाधीशांनी ठरवलेला असतो. ‘भरतो’ म्हटलं की पैसे जमा होतात आणि प्रकरण निकाली निघतं. ‘लढतो’ म्हटलं की ते त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं आणि तिथल्या तारखांना जावं लागतं. दुसरं बटण घाईत दाबू नका. गाडी आपलीच होती, सिग्नल तोडला हेही खरं, फक्त दंड जास्त वाटतो, एवढंच कारण असेल तर तारखांचा खर्च दंडाला मागे टाकेल. गाडी आपली नसेल तर मात्र जरूर लढा.

पैसे भरताना नेट तुटलं, खात्यातून रक्कम गेली आणि स्थिती ‘प्रलंबित’च राहिली, असं होतं. लगेच पुन्हा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि साइटवरच पेमेंट तपासण्याची सोय असते तिथून आधी खात्री करा. दोनदा गेलेले पैसे परत मिळवणं दंड भरण्यापेक्षा कितीतरी किचकट आहे.

समन्स कागदावर हाती आलं तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात आहे. त्यावर कोर्टाचं नाव, कलम, तारीख आणि केस क्रमांक असतो. अशा खटल्याला बहुधा ‘एससीसी’, म्हणजे समरी क्रिमिनल केस, असा क्रमांक पडतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून हा क्रमांक आणि वर्ष टाकलं की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम २०८ इथे वाचण्यासारखं आहे. समन्समध्ये रक्कम नमूद असेल तर तारखेच्या आधी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून ती रक्कम मनीऑर्डरने पाठवण्याची मुभा त्यात आहे. तसं केलं की पुढे कारवाई होत नाही आणि केवळ त्या कबुलीमुळे लायसन्स अपात्र ठरत नाही. तुमच्या समन्सवर ही सोय दिली आहे का ते पाहा. नसेल तर जावं लागेल, स्वतः किंवा वकिलामार्फत.

कोर्टाच्या दिवशी साडेदहापर्यंत पोचा. समन्स, चलान, आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि आधार यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, आणि रोख पैसे सोबत असू द्या. दाराबाहेर लागलेल्या बोर्डावर आपला क्रमांक शोधा. सापडला नाही तर त्या कोर्टाचं काम पाहणाऱ्या पोलिस अंमलदाराला विचारा, प्रकरणाचे कागद त्याच्याकडे असतात. शिपाई नावाचा पुकारा करतो, तेव्हा आत असायला हवं. चहाला गेलात आणि पुकारा होऊन गेला, तर दुपारपर्यंत थांबावं लागतं. न्यायाधीश गुन्हा वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का? कबूल असेल तर ‘हो, कबूल आहे’ एवढंच म्हणा. ‘कबूल आहे, पण सिग्नल पिवळा होता’ ही कबुली नाही, बचाव आहे, आणि मग पुरावा घ्यावा लागतो. कबुलीनंतर दंड सांगतात, आणि तो न भरल्यास इतके दिवस साधी कैद असंही आदेशात लिहितात. रक्कम कोर्टातच भरा, पावती घ्या, लायसन्स जमा असेल तर पावती दाखवून मागून घ्या. बाहेर ‘मी मिटवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. तो पावती देऊ शकत नाही. आणि लक्षात ठेवा, कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाला जवळपास जागा उरत नाही.

तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं, बहुधा जामीनपात्र. घाबरून दडून बसू नका. स्वतःहून हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.

लोकअदालतीबद्दल गैरसमज फार आहेत. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते. त्याआधी ‘दाखलपूर्व’, म्हणजे अजून कोर्टात दाखल न झालेलं, प्रकरण म्हणून चलानाची नोटीस मोबाइलवर येते. ती समन्स नव्हे, तडजोडीचं बोलावणं आहे. तिथे गेलो की निम्मा दंड माफ, असा सरसकट नियम नाही. कुठे सवलत मिळते, कुठे पूर्ण रक्कम भरावी लागते. जाण्याआधी त्या शहराच्या वाहतूक शाखेकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. फायदा एक पक्का: तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दारूच्या केससारखे तडजोडीत न बसणारे गुन्हे तिथे जात नाहीत.

जुन्या चलानांचं काय? नुसता दंडच असलेल्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यांना एक वर्षाची. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. पण सहा महिने उलटले म्हणून चलान साइटवरून आपोआप उडत नाही. हा मुद्दा कोर्टापुढे मांडावा लागतो, मुदत मोजताना तक्रार दाखल झाल्याची तारीख धरतात, तुम्हाला समन्स मिळाल्याची नाही, आणि उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला असतो. दोन वर्षांपूर्वीचं चलान आज कोर्टात दाखल झालं असेल, तर पैसे भरण्याआधी हे एकदा वकिलाला दाखवा.

गाडी विकलेल्यांनी एक काम टाळू नये. हस्तांतरणाची खबर राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला द्यायची असते, फॉर्म २९ त्यासाठीच आहे. एजंटला फॉर्म २९, ३० सह्या करून दिले म्हणजे झालं असं नाही. नवं नाव चढेपर्यंत प्रत्येक चलान तुमच्याच मोबाइलवर येणार. विक्रीपत्र, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहिलेली पावती ठेवा. चलान चालकावर असलं तरी गाडी कोण चालवत होतं हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकली आहे.

शेवटचं काम पावतीनंतरचं. कोर्टात दंड भरला तरी परिवहनच्या नोंदीत चलान ‘प्रलंबित’ दिसत राहतं असं बऱ्याचदा होतं, आणि ते कळतं गाडी विकताना, ट्रान्स्फर किंवा एनओसीचं काम अडल्यावर. पैसे भरल्यानंतर चार-आठ दिवसांनी पुन्हा तपासा. नोंद बदलली नसेल तर पावती आणि केस क्रमांक घेऊन चलान करणाऱ्या शाखेत जा. तेवढ्यावर भागलं नाही तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित नक्कल काढा.